कुमुदआत्याला मी निसर्ग दाखवला

आमच्या घरात निसर्गाचं खातं माझ्याकडे आहे.

म्हणजे असं, की बायको बँक, किराणा, गॅस, नातेवाईक आणि माझं ब्लडप्रेशर सांभाळते आणि मी बदलापूरच्या निसर्गाचं कौतुक करतो. कुणाचाही फोन आला की मी सुरू! "आमच्याकडे काय हवा आहे! समोर डोंगर! सकाळी नुसता पक्ष्यांचा किलबिलाट!" (डोंगर समोर आहे, हे खरंच आहे. मध्ये टॉवर उभे राहिल्यापासून तो तुकड्यातुकड्यांनी दिसतो, एवढंच. पक्षी म्हणाल तर मुख्यतः कबुतरं.) बदलापूरच्या बेलवलीत राहायला येऊन आम्हाला कितीतरी वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी त्या डोंगरावर गेलो का? नाही. नदीवर गेलो का? पुलावरून गेलो होतो एकदा, कंपनीच्या बसमधून. पण तेव्हा डोळा लागला होता. कौतुकात मात्र मी कधी खंड पडू दिला नाही.

तर अशा माणसानं कुमुदआत्याला निसर्ग दाखवायचं ठरवलं.

कुमुदआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय सत्तरीच्या पुढे. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" असं सांगते, जणू काही गॅसवर दूध ठेवायचं राहून गेलं! टेलिफोन ऑपरेटर होती, त्यामुळे आवाज खणखणीत. दादरला समुद्रापासून दोन गल्ल्या अलीकडे एका जुन्या इमारतीत तिची दोन खोल्यांची जागा. मी कॉलेजची सगळी वर्षं तिथे काढली. तिनं मला जेवू घातलं, अभ्यासाला बसवलं आणि रोज संध्याकाळी कान धरून समुद्रावर चालायला नेलं.

आत्याचं चालणं बघण्यासारखं असतं. खाली उतरली की कोपऱ्यावर फुलवाली, पुढे इस्त्रीवाला, मग वाचनालय, मग मासळीवाल्या मावशी. प्रत्येकाशी दोन वाक्यं, पण पाय थांबत नाहीत. शेवटचं वळण घेतलं की एकदम समुद्र! समुद्रावर जायला तिनं आजवर कधी वाहन घेतलं नाही. दादरला रिक्षा नसतातच, पण दुसरीकडे गेली तरी ती रिक्षाकडे बघून म्हणते, "तीन चाकांचा आळस!" समुद्रात पोहायलाही ती तरुणपणीच शिकली. त्या काळी आमच्या घरात तेवढ्यावरून बैठक बसली होती म्हणे.

तर या आत्याची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. काही वर्षं तिला दुसरीकडे राहणं भाग होतं. तिच्या मैत्रिणीनं, नलूताईंनी, माहीमला एक खोली बघून ठेवली होती. खिडकीतून समुद्र! खाली उतरलं की बाजार, दवाखाना, देऊळ, सगळं पायी!

आणि दुसऱ्या बाजूला होतो मी.

खरं सांगायचं तर मला आणि वृंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, ती आमच्याकडेच यायला हवी होती. आदल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरून पडली, हात मोडता मोडता वाचला, आणि हे आम्हाला कळलं दोन महिन्यांनी! तेही नलूताईंच्या तोंडून चुकून निघालं म्हणून. "तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्ही काय माझ्याऐवजी पडणार होतात?" असं वर आम्हालाच ऐकवलं. तेव्हापासून तिनं फोन उचलला नाही की मी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लावायचो. पण "आत्या, आम्हाला तुझी काळजी वाटते" असं तिला सांगायची सोय नाही. काळजी या शब्दाला ती झुरळासारखी झटकते. म्हणून मी निसर्ग पुढे केला.

"आत्या, एकदा येऊन तर बघ," मी फोनवर म्हणालो. "इथे नदी आहे."

"समुद्र नाही ना?"

"नदी गोड्या पाण्याची असते! शिवाय डोंगर. झाडं. पक्षी. मोर!"

मोर कुठून आला, मला माहीत नाही. तोंडातून निघून गेला.

"मोर?" आत्याचा आवाज बदलला. "तू पाहिलास?"

"पाहिला म्हणजे... असतात. फिरतात."

फोन ठेवल्यावर वृंदा शांतपणे म्हणाली, "आता मोर कुठून आणणार?"

"दिसेल एखादा!"

"नाहीतर तुम्हीच पिसं लावून उभे राहा."

थंडीचे दिवस होते. आत्या शुक्रवारी संध्याकाळी आली आणि शनिवारी सकाळी चहा संपायच्या आत कॅनव्हासचे बूट चढवून, ओढणी कमरेला बांधून दारात उभी राहिली. मीसुद्धा तयार होतो. या दिवसासाठी मी नवी कोरी ट्रॅकपँट आणि बूट आणले होते. (ट्रॅकपँट एक माप मोठी आली होती. "इलॅस्टिक आहे, राहील," असं दुकानदार म्हणाला होता. त्याचं हे वाक्य लक्षात असू द्या.) वृंदा घरीच थांबली. "कुणीतरी शुद्धीवर असायला हवं," ती म्हणाली.

"चल," आत्या म्हणाली. "कुठल्या बाजूनं चालायचं?"

"खाली उतरू. गाडी गॅरेजमध्ये आहे, रिक्षा करू."

आत्या जिन्यातच थांबली. "चालायला जायला रिक्षा?"

"निसर्ग थोडा पुढे आहे."

"माझा समुद्र जिन्याखाली आहे, सुहास."

पहिला गुण माहीमला गेला.

रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठे?" मी म्हणालो, "निसर्ग." तो माझ्याकडे बघतच राहिला. "कोणती सोसायटी?" (आमच्याकडे त्या नावाच्या सोसायट्या आहेत, त्याचा दोष नाही.) शेवटी मी "जांभूळ गावाच्या बाजूला, नदीकडे" असं म्हणालो, कारण ते नाव मी ऐकून होतो. रस्त्यात खड्डे, डंपर आणि सिमेंटची धूळ. आत्यानं नाकाला ओढणी लावली आणि एकेक डंपर मोठ्यानं मोजला. प्रत्येक आकड्याला मला जास्त भीती वाटत होती.

पण गावाच्या अलीकडे उतरलो, डांबरी रस्ता सोडला आणि खरंच सांगतो, मीच चकित झालो! दोन्ही बाजूंना वालाच्या शेंगांचे वेल, मध्ये ओलसर पायवाट, गवतावर दव, आणि डोंगर! अख्खा! एकही तुकडा न पडलेला! त्याच्या अंगावर कोवळं ऊन होतं आणि वर धुक्याची एक पट्टी कुणीतरी विसरून गेल्यासारखी राहिली होती. आत्या उभी राहिली. "अरे," ती म्हणाली, "हे तू फोनवर सांगत होतास त्यापेक्षा चांगलं आहे."

"मग? सांगत काय होतो मी!" असं म्हणून मी छाती पुढे काढली. डोंगर मीच तिथे आणून ठेवल्यासारखा.

तारेवर एक निळा पक्षी बसला होता. "खंड्या," आत्या म्हणाली.

"मोराच्या जातीतलाच," मी म्हणालो.

आत्या पुढे चालायला लागली.

पायवाट पुढे फुटली. डावीकडे की उजवीकडे? शेतात एक बाई वांगी तोडत होत्या. त्यांना विचारावं असं आत्याला वाटत होतं. पण निसर्गाचं खातं माझ्याकडे! "विचारायचं काय त्यात? मला रस्ता माहीत आहे," असं म्हणून मी डावीकडे वळलो आणि झाडं ओलांडून बाहेर पडलो, तो समोर काय! हिरवंगार, सपाट, लांबच लांब लॉन! वर जांभळ्या फुलांचे तुरे! मागे डोंगर! असं लॉन मी लग्नाच्या मोठमोठ्या हॉलबाहेरसुद्धा पाहिलेलं नाही.

"आत्या, बघ! माहीमला आहे असं?"

"सुहास, नदी कुठे आहे?"

"नदी असेल पलीकडे. आधी हे लॉन बघ! अनवाणी चालावं असं वाटतं!"

"थांब जरा. मला काहीतरी..."

"आवं दादा!" मागून त्या वांगी तोडणाऱ्या बाई ओरडल्या. "आवं तिकडं नका जाव!"

मला वाटलं, गवत खराब होईल म्हणून ओरडताहेत. मी हात हलवून "पाच मिनिटं!" असं सांगितलं आणि लॉनवर पाऊल ठेवलं.

ते लॉन नव्हतं. ती जलपर्णी होती. आणि नदी पलीकडे नव्हती, नदी खाली होती!

पहिलं पाऊल गेलं ते गेलंच. दुसरं त्याला शोधायला गेलं. क्षणभरात मी छातीपर्यंत उल्हास नदीत, खाली गाळ, वर पानं, आणि नाकासमोर ते जांभळं फूल. मी जे ओरडलो त्याला शब्द नव्हते. खंड्या उडून गेला.

"हातपाय मारू नकोस!" आत्याचा टेलिफोनवरचा आवाज आला. "सुहास! श्वास घे! मागे रेल!"

"आत्या, मी चाललो!"

"कुठे चाललास? उभा आहेस तू! रेल म्हणते ना मागे!"

मी आजवर अनेकांचं ऐकलं नाही, पण त्या आवाजाचं ऐकलं. मागे रेललो. आत्या काठावर पालथी झोपली, सत्तरी ओलांडलेली बाई, चिखलात, आणि तिनं कमरेची ओढणी सोडून माझ्याकडे फेकली. तोवर त्या बाई लांब बांबू घेऊन धावत आल्या. "धरा, दादा! दोनी हातांनी! सोडू नका!" एका हातात ओढणी, दुसऱ्यात बांबू, आणि काठावर दोन बायका "हं, ओढा! हं, ओढा!" करताहेत. गाळानं आधी माझे बूट ठेवून घेतले. मग मी सरकायला लागलो. पण सगळा नाही सरकलो. (दुकानदाराचं वाक्य आठवा.) मी वर आलो आणि ट्रॅकपँट खालीच राहिली!

मी काठावर पडलो. वर शर्ट, खाली आखूड चड्डी आणि सर्वांगावर काळा गाळ. आत्यानं माझ्या तोंडावरून हात फिरवला, छातीवर कान ठेवला, नाडी बघितली. मग खात्री नसल्यासारखी पुन्हा बघितली. 

मग तिनं मला एक फटका दिला. पाठीत. पूर्वी द्यायची तसाच.

"पोहायला शीक म्हणून किती वर्षं सांगत होते!"

त्या बाईंचं नाव काशीताई. त्यांनी एवढा वेळ धरून ठेवलेलं हसू आता सोडलं आणि मग त्यांना थांबवेना. "आवं, आमची म्हस पन जात नाय तिकडं! म्हशीला कळतंय!"

शेताच्या कडेलाच त्यांचं घर. अंगणातल्या पिंपातलं पाणी माझ्यावर ओतलं. आत्यानं चहा घेतला, काशीताईंबरोबर वालाच्या शेंगा सोलायला बसली आणि दोघींची दहा वर्षांची ओळख असावी अशा गप्पा सुरू झाल्या. मी चड्डीवर. प्रश्न होता कपड्याचा. काशीताईंचे यजमान लग्नाला गेले होते, धुतलेले कपडे दोरीवर टपटप गळत होते. कोरडं असं घरात एकच होतं. काशीताईंनी दाखवलं. गुलाबी फुलांचा गाऊन.

"हा मी घालणार नाही," मी म्हणालो.

"मग काय घालणार?" आत्यानं विचारलं.

मी इकडेतिकडे बघितलं. पेंढ्याच्या उडवीवर एक फ्लेक्सचा बॅनर पांघरलेला होता. आमच्या भागात बॅनर लागतात वाढदिवसाला, पण उपयोगी पडतात नंतर. कोरडा, मजबूत, पुरुषी! मी तो काढला आणि लुंगीसारखा कमरेला गुंडाळला. वरून काशीताईंनी सुतळी बांधून दिली.

गुंडाळल्यावर कळलं की तो कुणा 'भाऊं'च्या वाढदिवसाचा होता. पुढून भाऊंचे जोडलेले हात. मागच्या बाजूला, नेमका बसायच्या जागेवर, भाऊंचा हसरा चेहरा. आणि खाली माझ्या गुडघ्यांभोवती ओळीनं शुभेच्छुकांचे लहान लहान गोल फोटो.

"गाऊन बरा होता," आत्या म्हणाली.

आता घरी जायचं. एक रिक्षावाला थांबला, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तो निघून गेला. दुसऱ्यानं विचारलं, "प्रचार आहे का? मग दुप्पट." शेवटी काशीताईंचे दीर नामदेव टेम्पोत भाजी भरून उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारात निघाले होते. ते म्हणाले, "चला, तिकडं जीन्सच जीन्स हायती. पँट घ्या नि जावा घरी." आत्या पुढे बसली. मला मागे दुधीभोपळ्यांत बसवलं. टेम्पो उसळला की मी उसळायचो, मग दुधी उसळायचे. वरून वारा लागून फ्लेक्स असा फडफडत होता की अंबरनाथच्या सिग्नलला एका म्हाताऱ्या माणसानं मला हात जोडून नमस्कार केला. मी पण केला. काय करणार?

कॅम्प तीनच्या तोंडाशी ट्रॅफिकनं टेम्पो अडला. "इथून चालत जावं लागंल," नामदेव म्हणाले.

आणि आत्या खुलली! "चालत? वा!"

शनिवारचा बाजार. दुकानाला दुकान लागून, वरच्या मजल्यांवरून शिलाई मशीनचा आवाज, रस्त्यावर जीन्सचे ढीग, मध्येच कढईत काहीतरी तळतंय. आत्या पुढे, ताठ, दोन्हीकडे बघत, जणू दादरच्या गल्लीतच चालली आहे. आणि मागे मी. अनवाणी. सर्रसर्र आवाज करत. (फ्लेक्स नेसून चालून बघा एकदा. मुकाट्यानं चालताच येत नाही.) लोक थांबून बघत होते. एका बाईनं पोराला सांगितलं, "निवडणूक आली वाटतं."

तेवढ्यात मागून आवाज आला. "ओ काका! रुको!"

चारपाच तरुण. गळ्यात जाड साखळ्या. त्यातला एक माझ्या मागे वाकून बघत होता. "ये तो भाऊ है! अरे, काका आपल्या भाऊंच्या तोंडावर बसून आलेत!"

"बसलो नाही," मी म्हणालो. "दुधीवर बसलो होतो."

"भाऊंचा अपमान? कोणत्या पार्टीनं पाठवलं?"

मी एक पाऊल मागे सरकलो. शुभेच्छुकही सरकले. एकाच सकाळी नदीतून वाचायचं आणि बाजारात मरायचं! मी आत्याकडे बघितलं. आत्या वळली, चालत आली आणि त्या सगळ्यात मोठ्या साखळीवाल्यासमोर उभी राहिली.

"काय रे, नाव काय तुझं?"

"विकी," तो म्हणाला. मग का कोण जाणे, "आजी" असंही म्हणाला.

"विकी, हा माझा भाचा आत्ता नदीत बुडत होता. अंगावर चिंधी राहिली नव्हती. त्या वेळी याची लाज कुणी राखली? तुझ्या घरच्यांनी? माझ्या? भाऊंनी राखली! भाऊंचा एवढा उपयोग आजपर्यंत कुणाला झाला असेल, तर सांग मला!"

विकी विचारात पडला. बाकीचे त्याच्याकडे बघायला लागले. मग त्याचा चेहरा उजळला. "भाऊंनी... जान बचाई?"

"लाज बचाई," आत्या म्हणाली. "जान मी."

"काका! एक फोटो!" पुढच्या क्षणी मी त्या पाचजणांच्या मधोमध उभा, विकीचा हात माझ्या खांद्यावर. "काका, जरा घूमो ना, भाऊंचा फेस येऊ दे!" मी घूमलो. पाठमोरा. माझा चेहरा वळवून कॅमेऱ्याकडे, भाऊंचा मूळचाच कॅमेऱ्याकडे. दोघंही हसतोय.

त्याच पोरांनी आम्हाला जीन्सच्या दुकानात नेलं. सिंधी शेठजी गल्ल्यावरून उठले, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, शुभेच्छुकांचे चेहरे वाचले आणि अत्यंत आदरानं विचारलं, "साईं, आपको किस कलर में दिखाऊँ?" एवढं सौजन्य मला कुठल्याच दुकानात मिळालं नव्हतं. मी कमरेखाली गडद निळ्या रंगाची पँट चढवून बाहेर आलो, तेव्हा आत्या दारात उभी राहून दालपकवान खात होती आणि शेठजींच्या आईच्या सांधेदुखीवर उपाय सांगत होती.

तेवढ्यात आत्याच्या मोबाइलवर वृंदाचा फोन. (माझा मोबाइल आणि पाकीट ट्रॅकपँटबरोबर नदीत; पँटचे पैसेही आत्यानंच दिले.)

"तुम्ही कुठल्या पक्षात गेलात?"

"काय?"

"सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आलाय. 'भाऊप्रेमी काका.' सेक्रेटरींनी अभिनंदन टाकलंय. खाली बेचाळीस अंगठे आलेत. आणि मागे वळून का उभे आहात?"

घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मी हरलो होतो, हे मला माहीत होतं. मोर दाखवला नव्हता. लॉन दाखवलं तर त्यात नदी निघाली. चालायला नेलं ते रिक्षानं, परतीला निघालो ते दुधीभोपळ्यांतून. आत्या आंघोळ करून, वृंदाच्या हातचा वरणभात जेवून शांत बसली होती. मी म्हणालो, "आत्या, नलूताईंना फोन लाव. माहीमची खोली चांगली आहे. तिथे तुझं सगळं पायी आहे. मी उगाच तुला ओढत होतो."

आत्यानं नलूताईंना फोन लावला. आमच्यासमोरच.

"नलू, मी बोलतेय. ती खोली दुसऱ्या कुणाला दे गं." मग जरा ऐकून घेतलं. "हो, समुद्राची आठवण येणार. न येऊन सांगते कुणाला? रोज येणार. पण समुद्राचं माझ्यावाचून काही अडत नाही नलू. इथे एकाचं अडतं. आज हातातून निसटला होता." मग पुन्हा ऐकून घेतलं. "नाही, पोहायला येत नाही. एवढा मोठा घोडा झालाय तरी!"

वृंदा पदराआड डोळे पुसत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

मी तिला सांभाळायला बोलावलं होतं, असं मला वाटत होतं. तिनं मला सांभाळायला यायचं ठरवलं होतं. दोन्ही बाजूंचा मान राहिला.

आत्या दोन ट्रंका आणि एक पितळी डबा घेऊन आली आणि आठवडाभरातच तिनं एक शोध लावला. आमच्या इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, एक पायवाट आहे. थोडं चाललं की शेतं लागतात, एक ओढा लागतो, आणि डोंगराचा पायथा! पायी! रिक्षा नको, टेम्पो नको! एवढी वर्षं ती पायवाट तिथे होती आणि माझी गाडी तिच्या तोंडाशी पार्क केलेली असायची.

आता आत्या रोज सकाळी जाते. सुरुवातीला एकटी जायची. मग तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांडेबाई जायला लागल्या, मग वृंदा, मग सोसायटीतल्या पाचसहाजणी. परतताना ओढ्याकाठच्या शेतातून ताजा मुळा, मेथी आणतात. एरवी एकमेकींशी पार्किंगवरून भांडणाऱ्या बायका हातात मेथीच्या जुड्या घेऊन हसत जिना चढतात. कधीमधी जांभूळहून काशीताई येतात, मग तर सोसायटीच्या बाकावर सभाच भरते. आणि मागच्या महिन्यात त्यांना मोर दिसला! खरा! बांधावर उभा! वृंदानं मोबाइलवर दाखवला तेव्हा मला केवढा आनंद झाला! निसर्गाच्या खात्यात माझी अगदीच अफरातफर नव्हती तर!

परवा माझ्यानं राहवेना. पहाटे उठलो, बूट घातले आणि खाली जाऊन त्यांच्या रांगेत उभा राहिलो. सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आत्या, मीही येतो," मी म्हणालो. "का? पुरुषांना बंदी आहे का तुमच्या मंडळात?"

"छे रे," आत्या ओढणी कमरेला बांधत म्हणाली. "पुरुष कुणीही येऊ दे. बंदी फक्त तुला आहे."